ध चा घ

फोन फोटो काढत नाही, फोटो रचतो, हे सरकारनं मान्य केलं त्या वर्षी मला सत्तर पूर्ण झाली. लोकांना ते आधीच कळलं होतं. फोन समोर धरला की तो आधी बघतो, मग इथं काय असायला हवं ते ठरवतो. मिटलेले डोळे उघडतो, पांढरं आभाळ निळं करतो, लग्नात रुसून बसलेल्या मामाला हसवतो. हे थांबवायचं बटण सुरुवातीला होतं, पुढं तेही गेलं. मग एकाच अपघाताचे चार फोनमधले चार वेगवेगळे अपघात कोर्टात यायला लागले. शेवटी कायदा झाला की पुरावा म्हणून फक्त फिल्मची निगेटिव्ह चालेल. कारण फिल्मला काही ठरवता येत नाही. तिच्यावर जो उजेड पडला तो पडला.

सांगोल्यात तोवर फिल्म वापरणारा मी एकटाच उरलो होतो. माझ्या सिद्धनाथ फोटो स्टुडिओसमोरून जाणारे लोक म्हणायचे, "धुळाजीराव, बास झालं आता. गाड्यांच्या चार्जिंगचं बघा काहीतरी." कायदा झाला आणि तेच लोक रांगेत उभे राहिले. कुणाला बांधाचा फोटो पाहिजे, कुणाला पडलेल्या भिंतीचा. मी नोंदणीकृत चांदी-छायाचित्रकार झालो. शब्द सरकारी आहे, पण चूक नाही. फिल्मवरचं काळं-पांढरं चित्र खरोखर चांदीच्या कणांचंच असतं. साक्षीला बोलावलं की मी एकच वाक्य म्हणायचो, "चांदी खोटं बोलत नाही." ते मी इतक्यांदा म्हटलं की पुढं पुढं लेखनिक माझ्या तोंडाकडं न बघता ते लिहून टाकायचा.

पण सगळे काही पुराव्यासाठी येत नव्हते. एकदा एक बाई आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन आली. म्हणाली, "हिचा एक फोटो काढा. फोनमध्ये हिचे हजार आहेत, पण सगळ्यांत ही माझ्याएवढीच दिसते. उद्या ही गेली तर मी कुणाचं तोंड आठवू?" मी म्हातारीला खिडकीपाशी बसवलं. तीनच फोटो काढले. मुलगी म्हणाली, "बघू?" मी म्हटलं, "परवा या." ती हसली आणि म्हणाली, "किती दिवसांनी कुणीतरी मला थांबायला सांगितलं." परवा येऊन तिनं आईच्या सुरकुत्यांवरून बोट फिरवलं.

अंधाऱ्या खोलीत, लाल दिव्याखाली, कोऱ्या कागदावर माणूस हळूहळू वर येतो. आधी केस, मग डोळे, शेवटी गाल. पंचावन्न वर्षं बघतोय. अजून प्रत्येक वेळी वाटतं की या वेळी येणार नाही, आणि येतो.

मी मेंढक्याचा पोरगा. शाळा बघितली ती लांबून, मेंढरं वळवताना. अकरा मेंढ्या देऊन एका थकलेल्या फोटोग्राफरकडून कॅमेरा घेतला, तेव्हा मला एक अक्षर येत नव्हतं. निगेटिव्हच्या पाकिटांवर मी चित्रं काढायचो. लग्न असलं तर मुंडावळी, शाळेचा फोटो असला तर घंटा, आमच्या लोकांचा असला तर मेंढी. त्यावर माझं कधी अडलं नाही.

मुलगी झाली तेव्हा तिच्या आईनं नाव ठेवलं उज्ज्वला. ते लिहिताना शिकलेली माणसंसुद्धा चुकतात, हे मला ठाऊक नव्हतं. दुसरीत गेल्यावर उजू पाटी घेऊन अंधाऱ्या खोलीत यायची. फोटो वाळेपर्यंत मला शिकवायची. मी तेहतीस वर्षांचा, ती सात. चुकलं की पाटीवर टिचकी मारायची. "आबा, माझ्या नावात दोन ज आहेत. दोन्ही अर्धे. एकही विसरायचा नाही. बाईसुद्धा विसरतात."

तिचं नाव मला आलं. माझं आलं नाही. ध लिहिताना डाव्या टोकाला वेटोळं काढायचं असतं आणि वरची रेघ त्याच्या अलीकडं थांबवायची असते. रेघ ओढायला घेतल्यावर मध्येच थांबायचं, हे माझ्या हाताला पटेना. मी ती सरळ शेवटपर्यंत न्यायचो. त्यामुळं माझा ध व्हायचा घ, आणि मी व्हायचो घुळाजी. उजू पहिले काही दिवस चिडली. मग तिनं नाद सोडला. माझा घ बघून ती सरळ "धुळाजी" वाचायची.

अक्षरं आली त्याचा मला इतका आनंद झाला की कॅमेऱ्यालाही माझं अक्षर द्यायचं ठरवलं. बाजारात मैनुद्दीन भांड्यांवर नावं घालायचा. त्याच्याकडं पितळेचा नखाएवढा पातळ पत्रा नेला आणि कागदावर माझ्या नावाचं पहिलं अक्षर लिहून दिलं. त्यानं कागद जवळ धरला, लांब धरला.

"लिहिलंय तसंच कोरू?"

"तसंच."

"बघा हं, मामा. नंतर म्हणाल."

"तू कोर की."

आरपार कोरलेला तो पत्रा मी कॅमेऱ्याच्या आत, फिल्मच्या पुढं, कोपऱ्यात चिकटवला. उलटा चिकटवला म्हणजे फोटोत सुलटा येतो. तेव्हापासून माझ्या प्रत्येक फोटोच्या खालच्या कोपऱ्यात काळ्यावर पांढरा बारीक घ आहे. पत्र्यावरही घच झालाय हे मला पुढं चार-पाच वर्षांनी कळलं. पण तोवर हजारो लोकांच्या घरात तो घ गेला होता. मग सहीसुद्धा तशीच ठेवली.

उजू रसायनशास्त्र शिकली आणि परत आली. तिच्यामुळं मला कळलं की मी इतकी वर्षं काय करत होतो. एकदा दही लावताना तिनं सांगितलं, "आबा, फिल्मवर चांदीच्या क्षाराचे बारीक खडे असतात, दुधासारखे. उजेड पडला की एकेका खड्यावर चांदीचे चार-पाच अणू गोळा होतात. ते विरजण. डोळ्यांना काहीच दिसत नाही. डेव्हलपरमध्ये टाकलं की ज्याला विरजण लागलंय तो अख्खा खडा काळा होतो. ज्याला नाही लागलं तो धुऊन जातो."

"म्हणजे उजेड विरजण लावतो."

"हां. आणि तुम्ही नुसतं झाकून ठेवता."

पाच वर्षांपूर्वी माझ्या पेट्यांना आंबूस वास यायला लागला. फिल्मचा पाया जुना झाला की तो असाच आंबतो, वाकडा होतो आणि चित्र सुटून येतं. तीस हजार निगेटिव्ह. मी पेटी उघडायचो आणि नाकाला वास लागला की पुन्हा झाकण लावायचो. उजूनं पुण्याच्या नितळ नावाच्या कंपनीशी बोलणं केलं. त्यांचं मोठं थंड कोठार होतं. शिवाय त्यांनी एक यंत्र तयार केलं होतं, त्याला कणलेखक म्हणत. निगेटिव्हचा जो भाग बुरशीनं खाल्ला असेल तिथं नवा थर देऊन ते यंत्र इलेक्ट्रॉनच्या बारीक धारेनं एकेका खड्यावर चार-चार अणू ठेवायचं.

"म्हणजे उजेडाशिवाय विरजण," मी म्हटलं.

"फक्त भोकं बुजवायला, आबा."

"आणि भोकाच्या जागी काय होतं ते त्याला कसं कळतं?"

"आजूबाजूचं बघतं. तुमच्या बाकीच्या निगेटिव्ह बघून शिकतं."

मला ते तेव्हा फोनसारखं वाटलं होतं. पण मी बोललो नाही. माझ्या पेट्या त्या कोठारात वाचत होत्या. उजू आठवड्यातले चार दिवस पुण्याला, नितळच्या प्रयोगशाळेत कामाला राहायला लागली. एकदा आली तेव्हा फ्रिजमधल्या जुन्या रोलबद्दल विचारलं. दोन हजार आठच्या लॉटचे काही कोरे रोल मी आठवण म्हणून जपून ठेवले होते. "चाचणीसाठी दोन पाहिजेत," म्हणाली. मी स्वतः कागदात गुंडाळून तिच्या पिशवीत ठेवले, भाकरी आणि शेंगदाण्याच्या चटणीशेजारी.

यंदाच्या माघात म्हाळाप्पा कोळेकर स्टुडिओत आला. म्हाळू माझा लहानपणचा सोबती. दोघांनी एकाच माळावर मेंढरं राखली. मी कॅमेरा घेतला, तो मेंढरांपाशीच राहिला. कोळेकरवस्ती म्हणजे त्याच माळावरची एक्केचाळीस घरं.

"धुळा, माळ कंपनीला पायजे म्हनं. संगणकांचं कसलं कोठार बांधत्यात. आनि आमाला म्हंत्यात, तुमी काल आलाय."

"काल?"

"दोन हजार दहाच्या आधी वस्ती हुती ह्ये दावा, न्हाईतर उठा. फिल्मवर दावा म्हंत्यात. माझ्या भितीवर हाय की तुझा फोटू."

"भिंतीवरचा चालत नाही. निगेटिव्ह लागते."

"मग ती हाय न्हवं?"

"आहे." मला हसू आलं. "वीज आली त्या दिवशी पाण्याच्या टाकीवर चढून काढलाय. दोन हजार नऊ. सगळी आपापल्या दारात उभी. तुझी तायव्वा हातात चाळण घेऊनच उभी राहिली होती. ठेव म्हटलं तरी ठेवली नाही."

"ती कुनाचं ऐकत हुती?" म्हाळू म्हणाला. त्याच्या बायकोला, तायव्वाला, जाऊन सहा वर्षं झाली होती. "मग मी निवांत झोपू का?"

"निवांत झोप. चांदी खोटं बोलत नाही."

सुनावणी सोलापूरला होती, वस्ती न्यायाधिकरणासमोर. अधिकारी तडवळकरबाई. करड्या केसांच्या, बोलणं थोडकं. नितळच्या कोठारातून आलेली पट्टी दिव्याच्या काचेवर ठेवलेली होती. सहा चित्रांची पट्टी. शेजारी प्रयोगशाळेचा दाखला. फिल्म दोन हजार आठची, चांदी अस्सल, डेव्हलपर नेहमीचा. उजू तिसऱ्या खुर्चीत बसली होती. कोठाराची तज्ज्ञ म्हणून आली असेल, असं मला वाटलं. मी तिच्याकडं बघून हसलो. ती पाण्याची बाटली उघडत होती.

बाईंनी मला भिंग दिलं. "वाघमोडे, ही पट्टी तुमचीच?"

पहिल्या चित्रात बिरोबाचं देऊळ. दुसऱ्यात मेंढरं. तिसऱ्यात म्हाळूचा झुंजीचा एडका. सगळं जसंच्या तसं. सहाव्यावर आलो. टाकीवरून दिसणारा माळ. कुसळं, दगड, लांब एक बाभूळ. घर एकही नाही.

मी भिंग पुसलं आणि पुन्हा बघितलं.

कंपनीच्या वकिलांनी ते चित्र भिंतीवर मोठं करून दाखवलं. मागच्या बाकांवर वस्तीतली माणसं बसली होती. फक्त म्हाळू उठून पुढं आला. भिंतीपाशी जाऊन त्यानं एका जागी हात ठेवला, जिथं त्याचं घर असायला हवं होतं.

"धुळा, हितं माझी तायव्वा उभी हुती," तो म्हणाला. "कुठं घातलीस तिला?"

शिपायानं त्याला बसवलं. मला वाटलं, मी चुकतोय का? दुसरा कुठला दिवस, दुसरा रोल? सत्याहत्तर वर्षांच्या डोक्याचा काय भरवसा. सवयीनं भिंग कोपऱ्यात नेलं.

तिथं ध होता.

वेटोळं नीट काढलेलं. रेघ त्याच्या अलीकडं बरोबर थांबलेली. शाळेच्या फळ्यावर असतो तसा सुंदर ध. सहाही चित्रांत.

"वाघमोडे?"

"बाई," मी म्हटलं, "मला थोडा वेळ द्या. जेवण झाल्यावर सांगतो."

व्हरांड्याच्या टोकाला उजू एकटीच उभी होती. मी फडकं सोडून अर्धी भाकरी तिच्यापुढं धरली. तिनं मान हलवली.

"उजू, तो ध कुणाचा?"

"कुठला ध?"

"माझ्या नावातला."

"तुमचाच की, आबा."

"नीट बघ."

तिच्या फोनमध्ये पट्टीची प्रत होती. तिनं ती मोठी केली. बराच वेळ बघत राहिली. मग तिचा चेहरा हळूहळू उतरला. मी आयुष्यभर कागदावर चेहरे वर येताना बघितले. उतरताना पहिल्यांदा बघितला.

"मी कधी घ वाचलाच नाही," ती म्हणाली. "तुम्ही घ लिहायचा, मी ध वाचायचे. दुसरीपासून. मला फरक दिसायचाच बंद झाला." मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "दोष-सुधारणा बंद करायला हवी होती. नोंदीत तुमचं नाव होतं. यंत्राला घ म्हणजे खराबी वाटली."

मी वाट बघत होतो. माझं चुकलं, असं काहीतरी ती म्हणेल. तिला सापडलेली चूक ही होती.

"माझे रोल त्यासाठी नेलेस?"

तिनं फोन पर्समध्ये टाकला.

"मी बांधून दिले तुला."

"आबा, ऐका. माळ मागणारे आणि नितळ एकाच मालकाचे आहेत. मला आधी माहीत नव्हतं. त्यांनी सांगितलं, ही एक पट्टी द्या, नाहीतर करार संपला, पेट्या परत घेऊन जा. कुठं ठेवणार होतो आपण? सांगोल्याच्या उन्हाळ्यात? दोन वर्षांत सगळ्याचा चिखल झाला असता. एक फ्रेम गेली, तीस हजार राहिल्या."

"आणि तुला पुण्याची प्रयोगशाळा."

तिनं माझ्याकडं बघितलं. "हो, तीही. तुमच्या लाल दिव्याखाली पंचवीस वर्षं काढली मी. मला काहीच मिळायला नको?"

"पाहिजे होतं तर मला मागायचंस."

"तुमच्याकडं होतं काय?"

ते खरं होतं.

"वस्तीला दुसरीकडं पक्की घरं देणार आहेत," ती म्हणाली. "पाण्यासकट. लेखी आहे."

"तायव्वाला कुठं देणार आहेत?"

ती कठड्याकडं बघायला लागली.

"खरी पट्टी कुठं आहे?"

"नाही आता."

"नाही म्हणजे?"

"ब्लीच केली." आवाज अगदी बारीक. "मग फिक्सर. चांदी सगळी निघून गेली. नुसती पारदर्शक पट्टी उरली."

ब्लीच तिला मी शिकवलं होतं. फोटोत एखाद्याचा डोळा फार काळा आला तर कापसाच्या बोळ्यानं एकच थेंब लावायचा. एकच, जास्त नाही, असं सांगून.

"आबा, तुम्ही फक्त 'माझीच' म्हणा. तेवढंच. सगळे तुमच्यावर विश्वास ठेवतात."

"म्हणून तर तुम्हाला मी पाहिजे होतो," मी म्हटलं. तिला "तुम्हाला" म्हटलं, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

भाकरी फडक्यात पुन्हा बांधली आणि आत गेलो.

आत मी सांगितलं की ही पट्टी माझी नाही, कारण हा ध मला येत नाही. कंपनीचे वकील उठले. "ध चा मा केलेला ऐकला होता," ते म्हणाले. "ध चा घ करून खटला फिरवणारे तुम्ही पहिलेच." खोलीत हशा पिकला. वस्तीतलेही एकदोन हसले. त्यांना काय चाललंय ते कळलं नव्हतं.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी माझे मागचे जबाब मागवले. एकोणीस निघाले. एकोणीसही जबाबांखाली घुळाजी. मग मी पिशवीतून कॅमेरा काढला. साक्षीला तो नेहमी बरोबर असतो. मागचं झाकण उघडून पितळेचा पत्रा दाखवला. बाईंनी भिंगातून तो उलटसुलट करून बघितला आणि म्हणाल्या, "घ आहे."

"जी."

"पण एवढ्यानं भागत नाही, वाघमोडे. प्रयोगशाळा म्हणते फिल्म त्याच वर्षाची, चांदी अस्सल. उजेडाशिवाय असं चित्र कसं येतं ते सांगणारं कुणी नसेल, तर मला दाखल्याप्रमाणं जावं लागेल. हे कसं होतं, तुम्हाला माहीत आहे?"

मला माहीत होतं. विरजण, खडे, इलेक्ट्रॉनची धार. दही लावता लावता मला ते कुणी शिकवलं होतं तेही माहीत होतं.

पुढं काय झालं ते आधी सांगून टाकतो. त्या दिवसानंतर चार महिन्यांत चांदीचा कायदा मोडला. जी फिल्म उजेडाशिवाय लिहिता येते तिला पुरावा कसं म्हणायचं? तडवळकरबाईंना पूर्वीसारखंच वस्तीवर जाऊन माणसांना विचारावं लागलं. म्हाताऱ्या बायकांनी कुणाच्या लग्नात कोणत्या घराचं जोतं घातलं ते सांगितलं. म्हाळूच्या भिंतीवरचा फोटो, जो आधी चालत नव्हता, तो आता बाकीच्या गोष्टींएवढाच चालला. त्यात तायव्वा चाळण घेऊन उभी आहे आणि कोपऱ्यात घ आहे. घरं राहिली. म्हाळू माझ्याशी बोलतो, पण निवांत झोपू का, असं विचारत नाही. नितळनं पेट्या परत पाठवल्या. त्या मागच्या खोलीत आहेत आणि वास रोज थोडा वाढतो.

माझा नोंदणीचा शिक्का सरकारनं काढून घेतला. मला वाटलं, आता कुणी येणार नाही. पुढच्याच आठवड्यात एक नवरा-बायको बाळाला घेऊन आले. मी म्हटलं, "आता हा पुरावा धरत नाहीत बरं का." नवरा म्हणाला, "पुरावा कुणाला पाहिजे? फोटो पाहिजे." मी त्यांना खिडकीपाशी बसवलं आणि परवा या म्हटलं. परवा आले. अजून येतात लोक. अंधाऱ्या खोलीत मी एकटाच असतो. ट्रेमध्ये चेहरा वर यायला लागला की शेजारी कुणीतरी "आला, आबा" म्हणायचं, ते कुणी म्हणत नाही.

पण मला सांगायचं होतं ते त्याच दुपारचं.

बाईंनी विचारलं होतं. मी सांगितलं. रोल माझ्या फ्रिजमधले, यंत्र नितळचं, आणि ते कुणी चालवलं ते. सांगताना मी तिसऱ्या खुर्चीकडं बघितलं नाही. खुर्ची सरकल्याचा आवाज आला नाही, म्हणजे ती बसूनच होती.

न्यायाधिकरणात जबाब हातानं लिहायचा नियम आहे, कारण संगणक माणसाचं वाक्य स्वतःच पुरं करतो. लेखनिकानं लिहिलं आणि वाचून दाखवलं, "सदर पट्टी माझी मुलगी हिने तयार केली आहे, असे मी शपथेवर सांगतो. बरोबर?"

"बघू."

त्यानं कागद माझ्याकडं फिरवला. मला वाचायला वेळ लागतो. बोट ठेवून एकेक अक्षर वाचत गेलो. माझी मुलगी, तिथं बोट थांबलं. पुढं लिहिलं होतं, उज्वला.

"चुकलंय," मी म्हटलं.

वकील अर्धवट उठले. तिसऱ्या खुर्चीतून श्वास घेतल्याचा आवाज आला. तिला वाटलं असेल, आबा फिरले.

"काय चुकलंय?" बाईंनी विचारलं.

"हिच्या नावात दोन ज आहेत. दोन्ही अर्धे. एक राहिलाय."

लेखनिकानं बाईंकडं बघितलं. बाईंनी मान हलवली. त्यानं शब्द खोडला आणि वर नीट लिहिलं. उज्ज्वला. मी पुन्हा एकदा बोट ठेवून वाचलं. आता बरोबर होतं. आता ते नाव दुसऱ्या कुणाचं होऊ शकत नव्हतं.

मग खाली सही केली. रेघ सरळ शेवटपर्यंत ओढली. घुळाजी.